शिखरांची निवड

युरोपच्या प्रवासाचा बेत ठरला, तिकिटें काढून झालीं, शहरांची यादीही सर्वांच्या मनासारखी तयार झाली, म्हणजे घरांत एक प्रश्न हटकून निघतो: डोंगर कोणता पाहावयाचा? हातीं दिवस असतात दहा किंवा बारा. त्यांतून लंडन, पॅरिस, रोम यांना त्यांचा त्यांचा वांटा देऊन जे दोन-तीन दिवस उरतात, ते पर्वताच्या पदरांत पडतात. आल्प्सची रांग भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यापासून ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियापर्यंत सुमारें बाराशें किलोमीटर पसरलेली आहे, आणि तींत चार हजार मीटरांहून उंच अशीं ८२ शिखरें गिर्यारोहकांच्या अधिकृत यादींत नोंदलेलीं आहेत. परंतु आपल्या यादींत नांवें येतात तीं चार-पांचच. माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न, युंगफ्राउ, टिटलिस. फार तर रिगी. बाकीच्यांनीं काय अपराध केला, हें कोणी विचारीत नाहीं.

हीं नांवें आपण निवडलीं असें आपणांस वाटतें. वास्तविक तीं आपल्यासाठीं दुसऱ्या कोणीं तरी केव्हांच निवडून ठेवलेलीं असतात. एक शास्त्रज्ञानें, एक इंग्रज प्रवाशांनीं, एकदोन रेल्वे बांधणाऱ्या इंजिनियरांनीं, आणि एक तर मुंबईच्या चित्रपटांनीं. ही निवड कशी होत गेली आणि तिची किंमत कोणीं मोजली, ही हकीकत ऐकल्यावर आपल्या यादींत थोडा फरक करावा असें कित्येकांना वाटेल, अशी माझी समजूत आहे.

पर्वत ही मुद्दाम जाऊन पाहण्याची वस्तु आहे, ही कल्पना युरोपांत फार जुनी नाहीं. ल्युसर्न शहराच्या डोक्यावर पिलाटस नांवाचा डोंगर उभा आहे. येशूला ज्याच्या हुकमानें क्रुसावर चढविण्यांत आलें त्या पाँटियस पायलेटचें प्रेत या डोंगरावरील एका तळ्यांत टाकलेलें आहे, आणि कोणीं त्या पाण्याला डिवचलें तर भयंकर वादळ उठेल, अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. म्हणून वर जाण्यास शहराची सक्त मनाई असे. १३८७ सालीं सहा धर्मोपदेशकांनीं ही मनाई मोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हां त्यांना कैदेंत टाकण्यांत आलें. १५५५ सालीं झुरिकचा विख्यात निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर वर गेला तोही रीतसर परवानगी घेऊन. शेवटीं १५८५ सालीं शहरांतील एका धर्मगुरूनें लोकांना बरोबर नेऊन त्या तळ्यांत धोंडे फेकून दाखविले. वादळ कांहीं आलें नाहीं, आणि भुताची भीति मोडली. त्याच पिलाटसवर १८८९ पासून आगगाडी जाते. दांतेरी रुळांवरून चालणारी इतक्या खड्या चढाची गाडी जगांत दुसरी नाहीं.

हौसेनें डोंगर चढणारा पहिला युरोपियन म्हणून इटालियन कवि पेट्रार्क याचें नांव सांगण्याचा प्रघात आहे. २६ एप्रिल १३३६ रोजीं आपल्या भावाला घेऊन तो दक्षिण फ्रान्समधील माँ व्हाँतू या डोंगरावर चढला, असें त्यानें एका पत्रांत लिहून ठेवलें आहे. वाटेंत एका म्हाताऱ्या मेंढपाळानें त्याला परोपरीनें परत फिरण्यास सांगितलें. पन्नास वर्षांपूर्वीं मीही अशाच तरुणपणाच्या उत्साहानें वर गेलों होतों, आणि थकवा व फाटके कपडे यांखेरीज हातीं कांहीं लागलें नाहीं, असें त्याचें म्हणणें. पेट्रार्क वर गेला, देखावा पाहून चकित झाला, आणि लगेच खिशांतून सेंट ऑगस्टिनचें पुस्तक काढून आत्मचिंतनांत गढून गेला. इतिहासानें पहिलेपणाचा मान कवीला दिला. पत्र नीट वाचलें तर तो मान त्या मेंढपाळाकडे जावयास पाहिजे. पण त्याला लिहितां येत नसावें. हा प्रकार पुढेंही वारंवार घडलेला दिसेल.

राजाज्ञेनें केलेल्या चढाईचेंही एक उदाहरण आहे. १४९२ सालीं, ज्या वर्षीं कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला त्याच वर्षीं, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याची नजर माँ एग्वीय या चहूंबाजूंनीं तुटलेल्या सुळक्यावर पडली, आणि त्यानें आंत्वान द व्हील या सरदाराला वर जाण्याचा हुकूम केला. सरदारानें शिड्या आणि दोर लावून तो सर केला. त्यानंतर त्या सुळक्यावर पुन्हां माणूस चढला तो १८३४ सालीं. मधल्या तीनशें बेचाळीस वर्षांत कोणालाही तिकडे जावेंसें वाटलें नाहीं.

आल्प्सच्या निवडीचा खरा प्रारंभ १७६० सालीं झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. जिनीव्हाचा ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा वीस वर्षांचा तरुण वनस्पति गोळा करण्याच्या निमित्तानें शामोनीच्या खोऱ्यांत आला, आणि समोरच्या पांढऱ्याशुभ्र घुमटानें त्याला जें वेड लावलें तें जन्मभर सुटलें नाहीं. माँ ब्लाँ या नांवाचा अर्थ श्वेत पर्वत, म्हणजे शब्दशः आपला धवलगिरीच. वर जाण्याची वाट जो शोधून काढील त्याला बक्षीस देण्याचें सोस्यूरनें जाहीर केलें. तें पंचवीस वर्षें कोणाच्याच पदरीं पडलें नाहीं. दरम्यान १७६७ सालीं त्यानें स्वतः या पर्वताला संपूर्ण फेरी घातली. वर जातां येत नाहीं तर निदान प्रदक्षिणा करावी, हा विचार आपल्या लोकांना अगदीं ओळखीचा वाटेल. ती वाट आज फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांतून जाते. ती सुमारें १७० किलोमीटरांची असून पायीं चालणाऱ्यांत फार लोकप्रिय आहे.

अखेर ८ ऑगस्ट १७८६ च्या संध्याकाळीं शामोनीचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि डोंगरांतून स्फटिक शोधून विकणारा जाक बाल्मा हे दोघे शिखरावर पोंचले. डॉक्टर पाकारनें आपला वायुभारमापक वर नेला होता. खालच्या गांवांतून लोक दुर्बिणी लावून हा प्रकार पाहात होते. पुढच्या वर्षीं अठरा वाटाडे बरोबर घेऊन सोस्यूर स्वतः वर गेला आणि तेथें साडेचार तास प्रयोग करीत बसला. पाणी कितव्या अंशावर उकळतें, नाडी किती जलद चालते, आकाशाचा निळा रंग किती गडद आहे, सर्व त्यानें टिपून घेतलें. या शिखराची निवड त्यानें केली ती ज्ञानाच्या लालसेनें, आणि तिचा त्यानें पुरेपूर उपयोगही केला.

बक्षीस मात्र बाल्माला मिळालें, आणि बक्षिसाबरोबर सगळी कीर्तीही. स्वतःला वर जाणें न जमलेल्या एका जिनीव्हाकर लेखकानें अशी कथा पसरविली कीं, वाट शोधली बाल्मानें, डॉक्टर नुसता ओढून नेला गेला. पुढें वृद्ध बाल्मानें तीच कथा आणखी रंगवून कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याला सांगितली, आणि द्यूमानें ती छापली. द्यूमानें छापल्यावर मग काय पाहावयाचें! परंतु दुर्बिणींतून ती चढाई पाहणाऱ्या एका जर्मन प्रवाशानें त्या वेळीं टिपणें करून ठेवलीं होतीं. विसाव्या शतकांत त्यांचा अभ्यास झाला, तेव्हां दोघेही आळीपाळीनें पुढें चालत होते असें निष्पन्न झालें. शामोनींत १८८७ सालीं उभारलेल्या पुतळ्यांत बाल्मा सोस्यूरला बोट करून शिखर दाखवीत आहे, आणि डॉक्टरचा तेथें मागमूस नाहीं. त्याचा पुतळा उभा राहिला १९८६ सालीं, चढाईला दोनशें वर्षें झाल्यावर.

माँ ब्लाँच्या उत्तर उतारावरून बोसाँ नांवाची हिमनदी खालीं शामोनीच्या खोऱ्यापर्यंत उतरते. तिची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों, कारण प्रवासाच्या पुस्तकांत ती सहसा नसते. १८२० सालीं हामेल नांवाच्या एका रशियन शास्त्रज्ञाच्या हट्टाखातर एक तुकडी वर निघाली. वाटेंत बर्फाचा कडा सुटला आणि तीन वाटाडे खालच्या भेगेंत गाडले गेले. शास्त्रज्ञ वांचला. या अपघातानंतर, १८२१ सालीं, शामोनीच्या वाटाड्यांनीं आपला संघ स्थापन केला; अडचणींत आलेल्या वाटाड्याच्या कुटुंबाला मदत आणि कामाची वांटणी हे त्याचे उद्देश होते, आणि तो संघ आजही चालू आहे. गाडल्या गेलेल्या तिघांचें काय झालें? हिमनदी ही नांवाप्रमाणें नदीच असते. ती वाहते, मात्र डोळ्यांना दिसणार नाहीं इतक्या सावकाश. १८६१ सालीं, म्हणजे एकेचाळीस वर्षांनीं, त्या तिघांचे अवशेष आणि त्यांचें सामान हिमनदीच्या खालच्या टोंकाशीं बर्फांतून बाहेर येऊं लागलें. त्या दिवशीं वांचलेला एक वाटाड्या अद्याप हयात होता. आपल्या तरुण सोबत्यांना त्या म्हाताऱ्यानें ओळखलें.

याच हिमनदीशीं आपल्याही देशाचा एक दुःखद संबंध आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान माँ ब्लाँवर आदळलें आणि ४८ जण ठार झाले. त्यांत बहुतेक ब्रिटनमध्यें जहाजावर रुजू होण्यासाठीं निघालेले हिंदी खलाशी होते. त्यांच्या शोधासाठीं वर गेलेल्या तुकडींतील रने पायो हा वाटाड्याही बर्फाच्या भेगेंत पडून मरण पावला. पुढें २४ जानेवारी १९६६ रोजीं त्याच कंपनीचें ‘कांचनगंगा’ हें विमान जवळजवळ त्याच जागीं कोसळलें. त्यांत ११७ माणसें गेलीं, आणि त्यांत व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले डॉ. होमी भाभा हे होते. मुंबईच्या ज्या संशोधनसंस्थेचा त्यांनीं पाया घातला ती पाहिलेले श्रोते पुष्कळ असतील; त्यांच्या अखेरच्या प्रवासाची जागा शामोनीच्या गच्चीवरून दिसते, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. बोसाँ हिमनदी आपला हिशेब अजून चुकता करीत आहे. २०१२ सालीं १९६६ च्या विमानांतली सरकारी टपालाची थैली बाहेर आली. २०१३ मध्यें एका गिर्यारोहकाला पाचू-नीलमण्यांची पेटी सांपडली, आणि ती त्यानें प्रामाणिकपणें पोलिसांच्या स्वाधीन केली. २०२० मध्यें जानेवारी १९६६ चीं हिंदी वृत्तपत्रें मिळालीं, त्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी होती. हिमालय सोडून परमुलखांतला एखादा पर्वत आपण आपल्या इतिहासासाठीं पाहावा असा असेल, तर तो हाच.

सोस्यूरनें शिखर निवडलें तें शास्त्रासाठीं. पुढच्या पिढीच्या इंग्रजांनीं निवडलें तें केवळ चढण्यासाठीं. १८५४ ते १८६५ या अकरा वर्षांत आल्प्सचीं बहुतेक सर्व मोठीं शिखरें सर झालीं, आणि त्यांत सुटी घालविण्यास आलेले इंग्रज वकील, धर्मोपदेशक आणि अध्यापक यांचा भरणा होता. १८५७ सालीं लंडनला आल्पाइन क्लबची स्थापना झाली. या काळांतील निवडीचा एक किस्सा मोठा गमतीचा आहे. १८५८ सालीं चार्ल्स बॅरिंग्टन नांवाचा एक आयरिश गृहस्थ ग्रिंडेलवाल्डला उतरला होता. कोणीं न चढलेलें शिखर कोणतें उरलें आहे, असें त्यानें विचारलें. आयगर किंवा मॅटरहॉर्न, असें उत्तर मिळालें. आयगर जवळच होता; दोन वाटाडे घेऊन तो त्यानें सर केला. मॅटरहॉर्नसाठीं त्याच्या खिशांत पैसे उरले नव्हते, म्हणून तो सरळ घरीं परत गेला! पैशाच्या हिशेबानें शिखर निवडणारा प्रवासी तो एकटाच नव्हे. पण त्या हिशेबानें इतिहासांत शिरलेला बहुधा एकटाच.

मॅटरहॉर्न मग एडवर्ड व्हिंपर याच्या वांट्याला आला. व्हिंपर हा लांकडावर चित्रें कोरणारा कारागीर. १८६० सालीं एका प्रकाशकानें त्याला आल्प्सचीं चित्रें काढण्यासाठीं पाठविलें, आणि त्या चौकोनी सुळक्यानें त्याला झपाटलें. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मॅटरहॉर्नची उंची ४,४७८ मीटर. त्याच्या शेजारचा माँटे रोझा ४,६३४ मीटर उंच असून तो स्वित्झर्लंडमधील सर्वोच्च पर्वत आहे. डोम आणि वाइसहॉर्न हेही मॅटरहॉर्नहून उंच. परंतु माँटे रोझाचें चित्र आपल्यापैकीं किती जणांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें? मॅटरहॉर्न एकटा उभा आहे, चारी बाजूंनीं तासलेला आहे, आणि लहान मुलानें काढलेल्या डोंगरासारखा टोंकदार आहे. व्हिंपरनें निवडला तो आकार; उंची नव्हे. आपणही आज तेंच करतों.

१४ जुलै १८६५ रोजीं, अनेक अपयशांनंतर, व्हिंपर सहा सोबत्यांसह शिखरावर पोंचला. उतरतांना हॅडो या एकोणीस वर्षांच्या अननुभवी मुलाचा पाय घसरला. त्याच्या धक्क्यानें वाटाड्या मिशेल क्रो कोसळला, आणि दोराला बांधलेले धर्मोपदेशक हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हेही त्यांच्यामागें ओढले गेले. डग्लस आणि झरमॅटचा वाटाड्या टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला, आणि चौघे हजार मीटरांहून अधिक खालीं गेले. वर उरले तिघे: व्हिंपर, थोरला टाउगवाल्डर आणि त्याचा मुलगा. डग्लसचें प्रेत अद्याप सांपडलेलें नाहीं. दोर इतका बारीक कां वापरला, आणि तो तुटला कीं कापला, अशी कुजबुज थोरल्या टाउगवाल्डरविरुद्ध सुरू झाली. चौकशींत तो निर्दोष ठरला. पण गांवाच्या तोंडाला हात कोण लावणार? संशय त्याच्या पाठीशीं जन्मभर राहिला. व्हिंपरनें पुस्तक लिहिलें आणि तो जगप्रसिद्ध झाला. तुटलेल्या दोराचा तुकडा झरमॅटच्या संग्रहालयांत कांचेच्या पेटींत ठेवला आहे. तो पाहिल्याशिवाय त्या गांवांतून परत येऊं नये. धुणें वाळत घालण्याच्या दोरीची आठवण व्हावी, इतका तो साधा दिसतो.

या अपघातामुळें लोक घाबरून दूर राहतील असें कित्येकांना वाटलें. झालें अगदीं उलट. ज्या शिखरानें चार बळी घेतले तें पाहण्यासाठींच झुंडी येऊं लागल्या, आणि झरमॅटचीं हॉटेलें भरून गेलीं.

येथून निवडीचीं सूत्रें गिर्यारोहकांच्या हातून हॉटेलवाल्यांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या हातीं गेलीं. १८६३ सालीं टॉमस कुकनें इंग्रज प्रवाशांची पहिली टोळी स्वित्झर्लंडला नेली, तेव्हांही सूर्योदय पाहण्यासाठीं रिगीवर जाणें हा कार्यक्रम ठरलेलाच होता. रिगीची उंची १,७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसुबाईपेक्षां जेमतेम दीडशें मीटर जास्त. परंतु तो तळ्यांच्या मधोमध उभा असल्यामुळें त्यावरून दिसणारी हिमशिखरांची रांग फार मनोहर आहे. १८७१ सालीं निक्लाउस रिगेनबाख यानें तेथें दांतेरी रुळांची आगगाडी सुरू केली. युरोपांतील डोंगरावर चढणारी अशी ही पहिलीच. मार्क ट्वेननें आपल्या प्रवासवर्णनांत एक मजा सांगितली आहे: दमून झोपलेले प्रवासी सूर्योदय पाहण्यासाठीं घाईनें उठून बाहेर आले, आणि पाहतात तों सूर्य मावळत होता. त्या थट्टेमागें एक सत्य आहे. ठराविक जागीं, ठराविक वेळीं, ठराविक भावना वाटून घेण्याची रीत तेव्हांच पडली होती. चित्रकार टर्नर यानें मात्र १८४२ च्या सुमारास रिगी रंगविला तो तळ्याच्या पलीकडून. पहाटेचा निळा रिगी, संध्याकाळचा तांबडा रिगी. ज्या डोंगरावर सगळे उभे राहून दुसरीकडे पाहात होते, त्या डोंगराकडे पाहणारा तो होता.

युंगफ्राउची गाडी ही या युगाची परमावधि. झुरिककडील गियर-झेलर नांवाच्या कारखानदारानें १८९३ सालीं तिची कल्पना काढली. आयगर आणि म्योंख या दोन पर्वतांच्या पोटांतून बोगदा खणण्याचें काम १८९६ मध्यें सुरू झालें आणि १ ऑगस्ट १९१२ रोजीं गाडी ३,४५४ मीटरांवर पोंचली. मालक मध्येंच वारला. काम करणारे मजूर बहुतेक इटालियन. त्यांपैकीं तीसजण सुरुंग आणि अपघात यांत दगावले. आपले प्रवासी परत आल्यावर युंगफ्राउवर जाऊन आलों म्हणून सांगतात. तें खरें नव्हे. योख म्हणजे खिंड. गाडी जाते ती खिंडींत, आणि शिखर तेथून आणखी सातशें मीटर वर असतें.

त्याच बोगद्यांतून आयगरच्या उत्तर कड्यावर खिडक्या काढलेल्या आहेत. जुलै १९३६ मध्यें चार तरुण त्या कड्यावर अडकले. तिघे मरण पावले. टोनी कुर्त्स हा चौथा दोराला लोंबकळत होता. बोगद्यांतून बाहेर पडलेले वाटाडे त्याच्या खालीं अवघ्या कांहीं मीटरांवर उभे होते. दोराची गांठ लोखंडी कडींत अडकली, गोठलेल्या हातांनीं ती सुटेना, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानें प्राण सोडला. त्या काळीं खालच्या हॉटेलांच्या अंगणांत दुर्बिणी मांडलेल्या असत, आणि कड्यावरील माणसांची झुंज पाहणें हा पाहुण्यांचा एक विरंगुळा होऊन बसला होता. दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, तो कडा सर झाला.

आपल्या यादींत टिटलिस कोठून आला, हें आतां सांगितलें पाहिजे. युरोपच्या गिर्यारोहणांत त्याला विशेष मान नाहीं; उंचीही ३,२३८ मीटरच. परंतु १९८९ नंतर काश्मीरमध्यें चित्रीकरण अशक्य होऊन बसलें, तेव्हां आपले चित्रपटवाले बर्फाच्या शोधांत स्वित्झर्लंडकडे अधिकाधिक वळले. ‘चांदनी’ १९८९ सालीं आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ सालीं पडद्यावर आला. इंटरलाकेन येथें २०१६ पासून यश चोप्रा यांचा पुतळा उभा आहे. टिटलिसवर तारेवरून जाणारा व जातां जातां स्वतःभोंवतीं फिरणारा पाळणा १९९२ मध्यें सुरू झाला, आणि वर पोंचल्यावर त्या दुसऱ्या चित्रपटांतील नायक-नायिकेच्या पुठ्ठ्याच्या आकृति छायाचित्रासाठीं मांडून ठेवलेल्या आढळतात. यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं नाहीं. इंग्रज ज्या डोंगरावर बायरनच्या कविता वाचून गेले, त्यावर आपण गाणीं ऐकून गेलों, इतकाच भेद. फक्त निवड आपली होती असें म्हणूं नये.

मग निवडावें तरी काय? माझें मत सांगतों. कोणावर आग्रह नाहीं. ज्याला हातपाय टेकून चढावयाचें आहे त्यानें या यादीचा नाद सोडून स्थानिक वाटाड्याला विचारावें. अलीकडे उन्हाळाच बदलला आहे. गोठलेल्या बर्फानें जखडलेले दगड ऊन वाढल्यानें सुटूं लागतात. जुलै २०२२ मध्यें इटलींतील मार्मोलाडाची हिमनदी कोसळून अकरा माणसें दगावलीं, आणि त्याच महिन्यांत मॅटरहॉर्न व माँ ब्लाँच्या नेहमींच्या वाटांवर लोकांना नेण्याचें वाटाड्यांनींच कांहीं काळ थांबविलें. जे लोक यावर पोट भरतात ते नाहीं म्हणूं लागले, तर आपण हौसेपायीं हट्ट धरण्यांत शहाणपण नाहीं.

बाकीच्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, सुंदर शिखर त्याच्या माथ्यावरून दिसत नाहीं. मॅटरहॉर्न पाहावयाचा तो समोरच्या गोर्नरग्राट या ३,०८९ मीटरांच्या कण्यावरून. तेथें १८९८ पासून आगगाडी जाते. झरमॅट गांव १,६०० मीटरांवर आहे. तेथें एक रात्र काढून सकाळच्या पहिल्या गाडीनें वर जावें, आणि परततांना रोटेनबोडेन स्टेशनावर उतरून रिफेल तळ्यापर्यंत पायीं यावें. वारा नसेल तर सबंध पर्वत त्या पाण्यांत उलटा दिसतो. दुपारीं ढग येतात. रिगीवर एक तरी टप्पा चालावा. पन्नाशीच्या माणसालाही तो जड नाहीं. शामोनीहून एग्वीय द्यू मिदी या ३,८४२ मीटरांच्या सुळक्यावर पाळणा जातो, तो वीस मिनिटांत माणसाला सुमारें २,८०० मीटर वर नेतो. हृदयाचा विकार असणाऱ्यांनीं, आणि रात्रीं उशिरा मुक्कामाला पोंचलेल्यांनीं, तो मोह टाळावा. युंगफ्राउयोखचें तिकीट फार महाग आहे. तें वगळून त्याच पैशांत शामोनीला दोन दिवस अधिक राहावें, असें मी म्हणेन.

शामोनीहून माँतांव्हेर या ठिकाणीं १९०९ पासून छोटी गाडी जाते. तेथील हिमनदीला ‘बर्फाचा समुद्र’ हें नांव १७४१ सालीं आलेल्या दोन इंग्रज प्रवाशांच्या वर्णनावरून पडलें. समुद्र आतां बराच आटला आहे. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनीं २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत आपला दहावा हिस्सा गमावला. फ्रान्सच्या बाजूलाही तीच स्थिति. १९८८ सालीं येथें पाळणा बसविला, तेव्हां त्यांतून उतरून तीन पायऱ्यांवर बर्फ होतें. पुढें दरवर्षीं पायऱ्या वाढवाव्या लागल्या आणि त्यांची संख्या पांचशेंच्या वर गेली. अखेर २०२४ सालीं आणखी वरच्या बाजूला नवा पाळणा बांधावा लागला. जुन्या वाटेवर जागोजागीं पाट्या लावलेल्या आहेत. अमुक सालीं बर्फ या उंचीपर्यंत होतें, एवढेंच त्यांवर लिहिलेलें असतें. उतरतांना त्या वाचीत सावकाश जावें; चढतांना दम लागतो, तेव्हां वाचणें होत नाहीं.